धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं: बेभरवशाच्या क्वार्टरबॅकचं करायचं काय?

२०२४च्या ऑक्टोबरात मी अटलांटाजवळ बहिणीकडे होतो. भाऊबीज तिच्या घरी करायची, एवढाच बेत होता. पण अमेरिकेच्या दक्षिणेत त्या दिवसांत शनिवारी घरोघरी एकच गोष्ट चालते, कॉलेज फुटबॉल. १९ तारखेच्या रात्री टीव्हीवर जॉर्जिया विरुद्ध टेक्सस लागलं होतं. भाचा जॉर्जियाचा कट्टर. जॉर्जियाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, कार्सन बेक यानं त्या सामन्यात तीनदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात नेऊन दिला, आणि तिन्ही वेळा भाच्यानं सोफ्यावरची उशी जमिनीवर आपटली. "मामा, याला बसवत का नाहीत? बाकावर बसवा ना याला!"

गंमत अशी की पलीकडे टेक्ससनं नेमकं तेच केलं होतं. त्यांचा क्विन युअर्स चाचपडत होता, पूर्वार्धात संघाचा भोपळाही फुटला नव्हता. प्रशिक्षकांनी त्याला चारपैकी दुसऱ्या सत्रातच बाहेर काढून आर्च मॅनिंग या तरुण पोराला आत पाठवलं. त्यानंही काही साधेना, तेव्हा उत्तरार्धात युअर्स पुन्हा मैदानात आला. शेवटी जॉर्जिया ३०-१५ असं जिंकलं. तीन चुका करणारा मैदानात राहिला आणि जिंकला. ज्याला बसवलं, त्याचा संघ हरला.

भाच्याचं समाधान झालं नाहीच. आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. अमेरिकेत मुलंनातवंडं शिकायला असलेल्या कितीतरी मराठी घरांत ही ओरड ऐकू येत असेल आणि आईवडिलांना वाटत असेल, एका पोरावरून एवढा गदारोळ कशाला? त्यांच्यासाठी ही उकल.

आधी खेळ, अगदी थोडक्यात

हा फुटबॉल पायाचा नव्हे, मुख्यतः हाताचा. अकरा विरुद्ध अकरा, शंभर यार्डांचं मैदान. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. सरकले की पुन्हा नवे चार. असं करत पलीकडच्या टोकाला चेंडू पोचवला की टचडाउन, म्हणजे सहा गुण, आणि वर बहुतेकदा एक.

जवळजवळ प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात एकाच माणसाच्या हातात चेंडू येऊन होते. तो क्वार्टरबॅक. चेंडू फेकायचा, शेजारच्याच्या हाती द्यायचा की स्वतः पळायचं, हे त्यानं तीनेक सेकंदांत ठरवायचं, तेही सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर धावून येत असताना. कबड्डीत प्रत्येक चढाईला एकाच गड्याला पाठवायचं ठरवलं तर त्याच्यावर जेवढा भार पडेल, तेवढा याच्यावर असतो.

त्यानं आपल्या गड्यासाठी फेकलेला चेंडू विरोधकानं झेलला, की त्याला इंटरसेप्शन म्हणतात. तिथल्या तिथे ताबा गेला. या लेखात मी त्याला नुसतं 'चेंडू गमावणं' म्हणेन.

आणि एक फरक क्रिकेटवाल्यांनी ध्यानात ठेवायचा. इथे बाहेर काढलेला खेळाडू त्याच सामन्यात परत येऊ शकतो. त्यामुळे बाकावर बसवणं हा नियमानं तरी कायमचा निकाल नसतो. व्यवहारात काय होतं, ते पुढे येईलच.

बेभरवशाचा म्हणजे नक्की कसा?

वाईट क्वार्टरबॅकबद्दल कुणी वाद घालत नाही, त्याला बसवतात. वाद होतो तो भरभरून देणाऱ्या आणि मधूनच घालवणाऱ्याबद्दल. बेकचा त्या वर्षीचा हिशेब बघा. संपूर्ण हंगामात चेंडू फेकून ३,४८५ यार्ड, २८ टचडाउन पास (फेकीवर झालेले टचडाउन) आणि १२ वेळा चेंडू गमावला. आदल्या वर्षी हेच आकडे ३,९४१ यार्ड, २४ आणि ६ असे होते. म्हणजे टचडाउन वाढले आणि चुका दुप्पट झाल्या.

पण बेरीज बाजूला ठेवून क्रम बघितला तर चित्र वेगळं दिसतं. पहिल्या तीन सामन्यांत एकदाही चेंडू गमावला नाही. पुढच्या सहा सामन्यांत बारा वेळा. त्यानंतरच्या तीन सामन्यांत पुन्हा शून्य, आणि त्यातल्या जॉर्जिया टेकविरुद्धच्या, आठ जादा सत्रं चाललेल्या सामन्यात पाच टचडाउन पास. तोच माणूस, तोच हात.

याचा अर्थ काय लावायचा? रोज कोथरूडहून स्टेशनला जाणाऱ्याला विचारा. एखाद्या दिवशी ओळीनं सगळे सिग्नल लाल लागतात. दुसऱ्या दिवशी एकही नाही. वाहतूक विभागानं तुमच्याविरुद्ध कट केलेला नसतो. चेंडू गमावण्यातही नशिबाचा वाटा मोठा असतो. उत्तम फेकलेला चेंडू आपल्याच गड्याच्या बोटांना लागून उडतो आणि विरोधकाच्या ओंजळीत पडतो. उलट, साफ चुकीचा फेकलेला चेंडू विरोधकाच्या हातून सुटतो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. कॉलेजच्या नियमित हंगामात सामने अवघे बारा. एवढ्या थोड्या दाण्यांवरून पोत्याची परीक्षा करणं अवघड.

म्हणून जाणकार प्रशिक्षक आकड्यांपेक्षा चित्रफीत बघतात. बारा चुकांपैकी किती निर्णयाच्या, किती हाताच्या, किती दुसऱ्याच्या? जॉर्जियाच्या गड्यांनी त्या वर्षी झेलही भरपूर सोडले. पण बेकला मी सगळं माफ करायला निघालेलो नाही. दोघा-तिघांच्या गराड्यात असलेल्या गड्याकडे हट्टानं चेंडू फेकायची त्याला खोड होती, आणि ती माझ्यासारख्या नवख्यालाही सोफ्यावरून दिसत होती.

एका चुकीची किंमत किती?

या खेळाचे आकडेमोड करणारे गेली काही दशकं एक ढोबळ आडाखा वापरतात. चेंडू गमावला की सरासरी चारेक गुणांचा फटका. आपल्याला जे मिळू शकलं असतं ते गेलं, आणि विरोधकाला आयती जागा मिळाली, या दोन्हींची ही बेरीज. तीनदा गमावला म्हणजे बारा गुण. कागदावर हे भयंकर दिसतं.

पण 'सरासरी' या शब्दात बरंच काही लपतं. आपल्याच टोकाजवळ गमावला तर विरोधकाला जवळजवळ ताटात वाढून दिल्यासारखं. उलट तिसऱ्या प्रयत्नात पन्नास यार्ड लांब फेकलेला चेंडू तिकडे कुणी झेलला, तर नुकसान फारसं नाही. एरवीही चौथ्या प्रयत्नाला संघ चेंडू लाथेनं तेवढाच लांब धाडून देतात. आणि शेवटच्या मिनिटात, पिछाडीवर असताना, दुसरा इलाजच नाही म्हणून फेकलेला? त्याची किंमत शून्याच्या आसपास. न फेकता हरण्यापेक्षा फेकून हरलेलं काय वाईट?

२८ सप्टेंबरला अलाबामाविरुद्ध बेकनं तीनदा चेंडू गमावला, त्यातला शेवटचा शेवटच्या मिनिटात, संघ पिछाडीवर असताना. त्याच सामन्यात जॉर्जिया २८-० मागे होतं, आणि त्याच बेकनं ४३९ यार्ड फेकून संघाला ३४-३३ असं पुढे नेलं. मग लगेच अलाबामानं ७५ यार्डांचा टचडाउन केला आणि जॉर्जिया ४१-३४ हरलं. मला तो सामना भाच्यानं फोनवर दोनदा दाखवला, एकदा बेकला शिव्या घालायला आणि एकदा त्याचं कौतुक करायला. दोन्ही वेळा त्याचं खरं होतं.

सरासरी फसवते: दोन रिक्षावाल्यांची गोष्ट

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. टीव्हीवरच्या चर्चेत नेमकं हेच कुणी नीट सांगत नाही.

समजा तुमच्या गल्लीत दोन रिक्षावाले आहेत. एक शांत, कुठेही जायचं तर पस्तीस मिनिटं, कधीही. दुसरा गल्लीबोळांतून सुसाट नेतो, कधी वीस मिनिटांत पोचवतो, कधी कुठेतरी अडकून पन्नास लावतो. दोघांची सरासरी पस्तीसच. चांगला कोण?

प्रश्नच अपुरा आहे. गाडी सुटायला पाऊण तास असेल तर शांत रिक्षावाला, डोळे मिटून. पंचवीसच मिनिटं उरली असतील तर शांत माणूस तुमची गाडी हमखास चुकवणार. तिथे त्या सुसाटालाच गाठलं पाहिजे. माणसं तीच, फक्त तुमच्या हातातला वेळ बदलला.

आता हेच गुणांत मांडू. आकडे माझ्या मनातले, फक्त समजण्यापुरते. एक धडाकेबाज क्वार्टरबॅक. तो खेळतो तेव्हा संघ एका शनिवारी ४५ गुण करतो, पुढच्या शनिवारी १०. सरासरी साडेसत्तावीस. दुसरा शांत, दर शनिवारी २४. सरासरीत धडाकेबाज पुढे. पण तुमचा बचाव, म्हणजे समोरच्यांकडे चेंडू असताना उतरणारे वेगळे अकरा, पोलादी असेल आणि विरोधकाला २०च्या वर जाऊच देत नसेल, तर शांत माणूस प्रत्येक सामना जिंकून देईल आणि धडाकेबाज निम्मेच. याउलट बचाव दुबळा असेल, समोरचे दर वेळी ३० करत असतील, तर शांत माणूस एकही जिंकणार नाही आणि धडाकेबाज निम्मे जिंकेल.

म्हणजे तोच खेळाडू एका संघात डोकेदुखी आणि दुसऱ्यात एकमेव आशा ठरतो. बलाढ्य संघानं बेभरवशाला भ्यावं, दुबळ्यानं त्याला कवटाळावं. "तो चांगला आहे का?" असं विचारून उपयोग नाही. "बाकीचे दहा आणि बचावाचे अकरा कसे आहेत, आणि या घडीला आपण पुढे आहोत की मागे?" असं विचारायला हवं.

याचा सगळ्यात नाट्यमय दाखला ८ जानेवारी २०१८चा, राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना. अलाबामाचा क्वार्टरबॅक होता जेलन हर्ट्स. हा बेकच्या अगदी उलट, सांभाळून खेळणारा. त्या अख्ख्या हंगामात त्यानं एकदाच चेंडू गमावला होता. मध्यंतराला मात्र संघ जॉर्जियाविरुद्ध १३-० मागे, आणि हर्ट्सनं चेंडू फेकून मिळवलेले यार्ड अवघे २१. प्रशिक्षक निक सेबन यांनी उत्तरार्धात टुआ टॅगोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवलं. पोरानं चेंडू गमावलाही. जादा सत्रात तर पहिल्याच प्रयत्नात पकडला जाऊन संघाला १६ यार्ड मागे घेऊन गेला. आणि त्याच्या पुढच्या प्रयत्नात ४१ यार्डांचा टचडाउन पास, २६-२३, अजिंक्यपद. सेबन यांनी तिथे बेभरवशाच्याला नाही, भरवशाच्याला बसवलं. गाडी सुटायला थोडीच मिनिटं उरली होती, एवढंच.

"मग जॉर्जियाचा बचाव तर भक्कम होता ना!"

इथे वाचक मला पकडणार, आणि पकडावंच. वरच्या हिशेबानं भाचाच बरोबर ठरतो. जॉर्जिया बलाढ्य होतं, बचाव तगडा होता. टेक्ससविरुद्ध बेकचा एकही टचडाउन पास नव्हता, तीन चुका होत्या, तरी संघ पंधरा गुणांनी जिंकला. २ नोव्हेंबरला, आपल्याकडच्या पाडव्याच्या दिवशी, फ्लोरिडाविरुद्ध पुन्हा तीन चुका, आणि तरी ३४-२० असा विजय. (बहिणीनं केलेल्या चकल्या तिसऱ्या चुकीपर्यंत संपल्या होत्या.) मग अशा संघाला शांत माणूस बरा नव्हता का?

होता, पण तो शांत माणूस होता कुठे? माझ्या हिशेबातला '२४ गुणवाला' मी कागदावर काढला होता. जॉर्जियाच्या बाकावर बसला होता गनर स्टॉकटन, मोठ्या सामन्यांचा अनुभव जवळजवळ नसलेला मुलगा. तो २४ करेल, ३४ करेल की १४, हे प्रेक्षकांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

अमेरिकेत गमतीनं म्हणतात, गावातला सगळ्यात लाडका खेळाडू म्हणजे राखीव क्वार्टरबॅक. आपण म्हणू, दुरून डोंगर साजरे. बाकावरच्यानं एकही चूक केलेली नसते, कारण त्यानं काहीच केलेलं नसतं. चालू क्वार्टरबॅकची तुलना लोक त्याच्याशी करतच नाहीत. ती असते मनातल्या एका आदर्श मूर्तीशी. प्रशिक्षक मात्र आठवडाभर सरावात दोघांना शेजारी शेजारी बघत असतात. त्यात आणखी एक मेख आहे. सरावातले बहुतेक डाव पहिल्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकलाच मिळतात. त्यामुळे दुसरा कच्चा राहतो, आणि कच्चा आहे म्हणून त्याला उतरवत नाहीत.

एकच खेळाडू, एकच मैदान, दोन वर्षांचे दोन ऑक्टोबर

बसवावं की नाही, याचं उत्तर दुसरा कोण आहे यावर किती अवलंबून असतं, हे बघायला ओक्लाहोमाचा स्पेन्सर रॅटलर याच्यासारखं उदाहरण सापडणार नाही. निसर्गानं जणू प्रयोगच लावून दिला.

१० ऑक्टोबर २०२०, डॅलसचं कॉटन बोल मैदान, ओक्लाहोमा विरुद्ध टेक्सस. ओक्लाहोमा आधीच दोन सामने हरलेलं. रॅटलरनं चेंडू घालवायला सुरुवात केली तसं प्रशिक्षक लिंकन रायली यांनी त्याला दुसऱ्या सत्रात बसवलं. बदली आलेला जेमतेम टिकला. उत्तरार्धात रॅटलर परत आला आणि चार जादा सत्रं खेळून संघानं ५३-४५ असा सामना काढला. नंतर त्या हंगामात ओक्लाहोमा एकदाही हरलं नाही. थोडा वेळ बसवलं, कान टोचले, पोरगा सुधारला. बाकाचं औषध लागू पडलं, असं कुणालाही वाटावं.

बरोबर एक वर्षानं, ९ ऑक्टोबर २०२१. तेच मैदान, तोच प्रतिस्पर्धी, तेच प्रशिक्षक. हंगामाआधी रॅटलरचं नाव देशातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी सगळ्यांत पुढे होतं. संघ पाचही सामने जिंकलेला, पण रडतखडत. दोन आठवड्यांपूर्वी घरच्या मैदानावर प्रेक्षकांनी त्याच्या तोंडावर राखीव खेळाडूच्या नावाचा गजर केला होता. आणि आता पहिल्या सत्रातच संघ २८-७ मागे. रायलींनी पुन्हा त्याला बसवलं. पण या वेळी बाकावरून उठला तो केलेब विल्यम्स. पहिल्या वर्षाचा पोर, आत आला आणि एक यार्ड हवा असताना ६६ यार्ड पळून टचडाउन करून आला. ओक्लाहोमा ५५-४८ असं जिंकलं, या जुन्या वैरातलं सगळ्यात मोठं पुनरागमन. रॅटलर मध्येच एकदा, टचडाउननंतरच्या दोन गुणांच्या प्रयत्नापुरता, आत आला. चेंडू बरोबर फेकला आणि परत जाऊन बसला. त्यानंतर ती जागा त्याची राहिली नाही.

औषध तेच, रोगीही तोच. फरक बाकावर कोण होतं, त्यात होता. विल्यम्स २०२२चा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२४ला व्यावसायिक संघांच्या निवडीत देशात पहिला उचलला गेला. असा माणूस बाकावर असेल तर वाट बघणं हाच गुन्हा.

सोडलं तर पळतं

म्हणीचा उत्तरार्ध इथे शब्दशः खरा होतो. पूर्वी कॉलेज बदललं की खेळाडूला सहसा एक वर्ष घरी बसावं लागे. २०१८च्या ऑक्टोबरात 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू झालं. ही एक नोंदवही समजा. तिच्यात नाव घातलं की कुठलंही कॉलेज तुमच्याशी बोलू शकतं. २०२१ला एकदा विनाअट कॉलेज बदलायची मुभा मिळाली, २०२४ला ती मर्यादाही गेली. त्यात २०२१च्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचे, जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले, आणि २०२५पासून कॉलेजं स्वतःच त्यांना मोबदला देऊ लागली आहेत. चांगल्या क्वार्टरबॅकला गिऱ्हाईक नाही, असं होतच नाही.

त्यामुळे 'दोन सामने बसव, डोकं ठिकाणावर येईल' हा मास्तरी उपाय महाग झाला. २०१८ला क्लेम्सनचा केली ब्रायंट चार सामने सुरुवातीपासून खेळला, संघ चारही जिंकला. मग प्रशिक्षक डाबो स्विनी यांनी ट्रेव्हर लॉरेन्सला पहिलं स्थान दिलं. त्याच वर्षी नवा नियम आला होता. चारपेक्षा जास्त सामने खेळला नसाल तर ते वर्ष तुमच्या खेळायच्या वर्षांत धरलं जात नाही. ब्रायंटनं हिशेब केला आणि काही दिवसांत संघ सोडला. आणि लगेचच्या शनिवारी लॉरेन्स जखमी! तिसऱ्या क्रमांकाच्या चेस ब्राइसनं ९४ यार्ड चाल रचून सिरॅक्युझविरुद्ध २७-२३ असं वाचवलं. क्लेम्सननं पुढे सगळे सामने जिंकून अजिंक्यपद मिळवलं, म्हणून तो निर्णय आज शहाणपणाचा वाटतो. त्या शनिवारी मात्र तो एका पोराच्या हातावर लटकला होता.

ओक्लाहोमाचं तर आणखी विचित्र झालं. रॅटलर साउथ कॅरोलिनाला गेला. प्रशिक्षक रायली सदर्न कॅलिफोर्नियाला गेले आणि त्यांच्यामागोमाग विल्यम्सही. २०२१च्या ऑक्टोबरात कुणाला बसवायचं याची चर्चा करणाऱ्या कॉलेजकडे फेब्रुवारीत दोघांपैकी एकही नव्हता. पुढच्या हंगामात ते ६ जिंकले, ७ हरले.

अलाबामाचा हर्ट्स मात्र २०१८च्या जानेवारीतल्या त्या रात्रीनंतर लगेच गेला नाही. अकरा महिन्यांनी, त्याच अटलांटात, त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआ जखमी झाला, तेव्हा बाकावरून उठून त्यानं ३५-२८ असा सामना काढून दिला. आजच्या नियमांत तो तेवढे दिवस थांबला असता का, मला शंका आहे.

"चुकेल त्याला शिक्षा नको का?"

हा आक्षेप आपल्या मनातला. परीक्षेत नापास झालेल्याला वरच्या वर्गात कशाला ठेवायचं? पण बाक ही शिक्षा म्हणून वापरली की मैदानावरचा पोरगा पुढचा निर्णय विरोधकाकडे बघून नाही, तर प्रशिक्षकाकडे बघून घेतो. तीन सेकंदांतलं अर्धं सेकंद भीतीत जातं. मग तो धोका टाळतो, चेंडू उशिरा फेकतो, आणि उशिरा फेकलेला चेंडूच तर विरोधकाच्या हातात जातो. शिस्त मोडणाऱ्याला जरूर बसवावं, सरावाला दांडी मारणाऱ्यालाही. चुकलेल्या फेकीबद्दल बसवणं ही वेगळी गोष्ट आहे.

"दोघांनाही आलटूनपालटून खेळवा की!"

ऐकायला न्याय्य वाटतं. बहुतेकदा फसतं, कारण फेकणारा आणि झेलणारा यांचं जुळणं हे जोडीनं लावण्या-पोवाडे गाण्यासारखं असतं. दर कडव्याला साथीदार बदलून ते जमत नाही. पण दोघांची कामंच वेगळी ठरवली तर जमतं. २००६च्या हंगामात फ्लोरिडानं अनुभवी ख्रिस लीकला मुख्य ठेवलं आणि पहिल्या वर्षाच्या धिप्पाड टिम टीबोला थोड्या यार्डांची गरज असेल तेव्हा आणलं. अजिंक्यपद मिळालं. भाच्याला हा दाखला मी दिला तर म्हणाला, "मामा, तेव्हा माझा जन्म नुकताच झाला होता."

"पण एक पराभव म्हणजे सगळं संपलं ना?"

एके काळी, हो. २०१४ ते २०२३ अजिंक्यपदाच्या अंतिम फेऱ्यांत चारच संघ जात. दोन पराभव झाले की दार जवळजवळ बंद. २०२४पासून तिथे बारा संघ जातात, आणि त्यानं बसवण्याचा हिशेब बदलला. ओहायो स्टेटचा विल हॉवर्ड यानं त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला मिशिगनविरुद्ध दोनदा चेंडू गमावला. संघ घरच्या मैदानावर, मानांकन नसलेल्या वैऱ्याकडून १३-१० असा हरला. त्या रात्री लोकांनी खेळाडूला आणि प्रशिक्षकाला दोघांनाही काय काय ऐकवलं, ते न लिहिलेलंच बरं. प्रशिक्षक रायन डे यांनी त्याला हलवलं नाही. २० जानेवारीला अजिंक्यपदाच्या सामन्यात हॉवर्डचे पहिले तेरा पास सलग अचूक गेले आणि ओहायो स्टेट ३४-२३ जिंकलं. वाट बघायला आता जागा आहे.

मग बेकला बसवायला हवं होतं का?

माझं मत: नाही. पण टेक्ससच्या सामन्यात उत्तरार्धात, संघ भरपूर पुढे असताना, स्टॉकटनला एक-दोन वेळा तरी आत आणायला हवं होतं. पुढे असताना नवख्याला खेळवण्यात धोका कमी, आणि त्याचा अंदाजही येतो. प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनी ते केलं नाही. त्यांच्या बाजूनं एक जुना अनुभव होता. २०२१च्या डिसेंबरात अलाबामाकडून ४१-२४ हरल्यावर सगळा जॉर्जिया स्टेट्सन बेनेटला बसवा म्हणत होता. स्मार्ट ऐकले नाहीत, आणि महिन्याभरानं त्याच बेनेटनं त्याच अलाबामाला ३३-१८ हरवून अजिंक्यपद आणलं. एकदा असं झालं की माणूस गर्दीचं ऐकायचं सोडतो.

प्रश्न शेवटी सोडवला तो बेकच्या कोपरानं. ७ डिसेंबरला विभागीय अजिंक्यपदाच्या सामन्यात, पुन्हा टेक्ससविरुद्ध, पूर्वार्धाच्या शेवटच्या डावात त्याचा फेकायचा हात दुखावला. उत्तरार्धात स्टॉकटन उतरला. मी तोवर पुण्यात परतलो होतो. इथे रविवारची सकाळ होती, गॅसवर दूध होतं आणि फोनवर भाचा. सामना जादा सत्रात गेलेला. स्टॉकटन चेंडू घेऊन थेट अंगावर घुसला, त्याला जोरात धडक बसली आणि हेल्मेट उडालं. हेल्मेट निघालं की पुढचा एक डाव बाहेर बसावं लागतं, तसा नियम आहे. बाकावरून उठून कोण आलं? बेक. हात इतका दुखत होता की फेकणं शक्यच नव्हतं. त्यानं चेंडू घेतला, शेजारून धावणाऱ्या ट्रेव्हर एटियनच्या पोटाशी दिला, आणि एटियन आत घुसला. २२-१९.

दूध उतू गेलं ते मला नंतर कळलं. फोनवर भाचा 'बेक! बेक!' असा ओरडत होता.